बायोलॉजिक सुरू करायचं, तर वर्षभराचा हिशेब आधी मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा २९ वर्षांचा, पाच वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. गेल्या सव्वा वर्षात प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे तीन कोर्स झाले, चौथा चालू आहे. गोळी १५ मिलिग्रॅमच्या खाली आणली की पुन्हा शौचावाटे रक्त पडायला लागतं. डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब सुचवलं आहे. हे सलाईनमधून द्यायचं ‘बायोलॉजिक’, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं प्रथिनाचं औषध. वडील विचारतात: हे इंजेक्शन प्रत्यक्षात किती जणांना लागू पडतं? टीबी आणि कॅन्सर होतो म्हणतात, ते कितपत खरं? आणि एकदा सुरू केलं की जन्मभर घ्यावं लागतं का? औषधाच्या कुप्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून स्वतः आणणार असल्याचंही ते कळवतात.

पोटविकारतज्ज्ञ म्हणून वीसेक वर्षं हे आजार बघतोय, त्या अनुभवावरून सांगतो. औषध चांगलं आहे, पण सगळ्यांना लागू पडत नाही. ते फसलेलं मी अनेकदा पाहिलंय. त्यातल्या बऱ्याच वेळा औषध कमी पडलं नव्हतं, ते अर्धवट दिलं गेलं होतं. दोन डोस झाले, रक्त थांबलं, पैसे संपले आणि माणूस यायचा बंद झाला. सहा महिन्यांनी परत आला तो आणखी वाईट अवस्थेत. म्हणून ‘औषध चालतं का’ या प्रश्नाइतकाच ‘आपल्याला ते वर्षभर नीट देता येईल का’ हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधी एक खातरजमा करा. मेसालामाइन, म्हणजे या आजारातलं पहिल्या पायरीचं औषध, खरंच पुरेशा मात्रेत, म्हणजे दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम, चालू होतं का? त्याच्या जोडीला एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) दिली होती का? आपल्याकडे एनिमा म्हटलं की लोक नाक मुरडतात, चिठ्ठीवर लिहिलेला असतो आणि घरी कुणी घेत नाही. त्रास उफाळला तेव्हा शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू नाही हे पाहिलं का? सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे खालच्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घेतलेल्या तुकड्यात सीएमव्ही हा विषाणू नाही ना? स्टिरॉइडवर असलेल्या माणसात हे दोन्ही उपटसुंभ आजाराचं सोंग घेऊन येतात आणि त्यांच्यावर बायोलॉजिकचा उपयोग नसतो. हे सगळं नीट झालं असेल, तर तुमच्या मुलाचा आजार आमच्या भाषेत ‘स्टिरॉइडवर अवलंबून’ आहे. तीन महिन्यांत प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमच्या खाली उतरत नाही, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार परत येतो, त्याला आम्ही असं म्हणतो. अशा माणसाला पाचवा कोर्स देणं मला पटत नाही.

आता आकडे. इन्फ्लिक्सिमॅबचा या आजारातला पाया म्हणजे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ॲक्ट-१ आणि ॲक्ट-२ या चाचण्या. प्रत्येकीत ३६४ रुग्ण होते. ॲक्ट-१ मध्ये किलोमागे ५ मिलिग्रॅम या मात्रेनं आठव्या आठवड्याला १०० पैकी ६९ जणांना चांगला उतार पडला, नुसतं सलाईन दिलेल्यांत ३७ जणांना. आजार पूर्ण शांत झालेले मोजले तर ५४ व्या आठवड्याला औषधाच्या गटात १०० पैकी ३५ आणि दुसरीकडे १६-१७. हे ऐकून पालकांचा चेहरा पडतो. एवढा खर्च करून फक्त पस्तीस?

तो ३७ चा आकडा मात्र लक्षात ठेवा. खोट्या औषधावर ३७ टक्के लोकांना बरं वाटलं, कारण हा आजार मुळातच चढउतारांचा आहे आणि त्यांची आधीची औषधंही चालू होती. अमक्याला अमुक काढ्यानं महिन्यात गुण आला, असं व्हॉट्सॲपवर येतं ना, त्यातले बरेचसे या सदतीसांतले असतात.

चाचणीत आणि ओपीडीत येणारे रुग्ण सारखे नसतात. चाचणीत घेताना बरेच जण गाळले जातात: फार आजारी, फार म्हातारे, यकृताचा आजार असलेले, आजार फक्त गुदाशयापुरता असलेले, नुकतीच औषधं बदललेले. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१२) ओपीडीतल्या मध्यम ते तीव्र आजाराच्या २०६ रुग्णांना चाचण्यांचे निकष लावून पाहिले, तर पात्र ठरले जेमतेम ३१ टक्के. त्यामुळे प्रत्यक्ष वापरातले आकडे वेगळे येतात. गंमत म्हणजे ते अनेकदा चाचणीपेक्षा चांगले दिसतात. व्हेडोलिझुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकचं उदाहरण घ्या. २०१३ च्या जेमिनी-१ चाचणीत सुरुवातीच्या डोसांनी उतार पडलेल्यांनाच पुढे निवडून औषध चालू ठेवलं, आणि त्यांच्यात ५२ व्या आठवड्याला ४२ टक्के लोक शांत होते. अमेरिकेतल्या व्हिक्टरी या गटानं २०१८ मध्ये ३२१ नेहमीच्या रुग्णांचा हिशेब मांडला, त्यात वर्षाअखेर ५१ टक्के लोकांची लक्षणं शांत आणि ४१ टक्के लोकांचं आतडं दुर्बिणीतून भरून आलेलं दिसलं.

मग प्रत्यक्षात औषध जास्त चालतं का? तसं लगेच म्हणू नये. ओपीडीत डॉक्टर मात्रा वाढवू शकतो, डोस आठऐवजी चार आठवड्यांवर आणू शकतो, सोबत दुसरी औषधं ठेवतो. शिवाय ‘वर्षभरात कधी तरी शांत झाले’ आणि ‘ठरलेल्या आठवड्याला शांत होते’ ही मोजणी वेगळी. खोट्या औषधाचा गट नसतो, आणि जे गाव सोडून गेले ते हिशेबातून गळतात. मी दोन्ही आकडे समोर ठेवून सांगतो की पहिल्यांदाच बायोलॉजिक घेणाऱ्या तरुण माणसात, डोस न चुकवता, वर्षाअखेरीला स्टिरॉइडशिवाय बरा राहण्याची शक्यता साधारण निम्म्याच्या आसपास धरा. आधी एक बायोलॉजिक फसलेलं असेल तर कमी. त्यामुळे पहिलं औषध विचारपूर्वक निवडावं आणि ते वाया घालवू नये.

औषधाची ताकद सर्वांत ठळक दिसते ती ॲडमिट झालेल्या, शिरेतून स्टिरॉइड देऊनही रक्त न थांबणाऱ्या रुग्णात. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत (२००५) इन्फ्लिक्सिमॅबचा एक डोस दिलेल्या २४ पैकी ७ जणांचं मोठं आतडं तीन महिन्यांत काढावं लागलं, सलाईन दिलेल्या २१ पैकी १४ जणांचं. पण इथे घड्याळ लावून काम करावं लागतं. ऑक्सफर्डचा जुना नियम आम्ही अजून वापरतो: शिरेतल्या स्टिरॉइडच्या तिसऱ्या दिवशीही दिवसाला आठपेक्षा जास्त वेळा शौचाला जावं लागत असेल, किंवा तीन ते आठ वेळा आणि सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४५ च्या वर, तर शस्त्रक्रियेची शक्यता ८५ टक्के. त्या दिवशी पुढचं ठरवायचं, सातव्या दिवसापर्यंत वाट बघायची नाही. मुलाला असा झटका आला तर गावातल्या दवाखान्यात सलाईनवर आठवडा काढू नका.

याच रुग्णांत आणखी एक भानगड असते. सुजलेल्या आतड्यातून प्रथिनं गळतात आणि त्यांच्यासोबत हे औषधही शौचावाटे वाहून जातं. नेदरलँड्सच्या संशोधकांनी शौचात इन्फ्लिक्सिमॅब मोजून हे दाखवून दिलं आहे. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असलेल्या माणसात ठरलेली मात्रा म्हणून कमी पडू शकते. अशा वेळी ‘लागू पडलं नाही’ असा शिक्का मारण्याआधी रक्तातली औषधाची पातळी पाहावी. पुढच्या डोसच्या आदल्या दिवशीची पातळी मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर हवी, आणि औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आहेत का हेही त्याच तपासणीत कळतं.

या प्रतिपिंडांमुळेच अर्धवट उपचार महागात पडतात. इन्फ्लिक्सिमॅब हे प्रथिन आहे. रक्तात ते सतत पुरेसं असेल तर शरीर हळूहळू त्याला सरावतं. दोन डोस देऊन चार-सहा महिने खंड पडला की शरीर त्याला परकं ओळखून ठेवतं. मग पुन्हा दिलं की एक तर सलाईन चालू असतानाच अंगावर गांधी, छातीत दडपण, रक्तदाब खाली, नाही तर औषध आठवड्याभरात निष्प्रभ. मुलाचं वजन ५८ किलो धरलं तर एका डोसला १०० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या. वेळापत्रक ०, २, ६ आठवडे आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. म्हणजे पहिल्या वर्षात आठ डोस, २४ कुप्या. हा हिशेब पहिल्या सलाईनच्या आधी कागदावर मांडा. तेवढी सोय होत नसेल तर तसं डॉक्टरांना सरळ सांगा, लाजू नका. दुसरे मार्ग आहेत, त्याकडे येतोच.

आता टीबी. इथे परदेशी आकड्यांवर विसंबून चालत नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या शरीरात टीबीचे जंतू लहानपणापासून झोपलेले असतात, पेशींच्या गाठीत कोंडलेले. त्या गाठीचा घेरा टिकवून धरणारा पदार्थ म्हणजे टीएनएफ, आणि इन्फ्लिक्सिमॅब नेमकं त्यालाच पकडतं. कुंपण काढलं की जनावर बाहेर. २००१ मध्ये अमेरिकेतून इन्फ्लिक्सिमॅबनंतरच्या ७० टीबी रुग्णांचा अहवाल आला, त्यातल्या ४८ जणांना तिसऱ्या डोसपर्यंतच टीबी उपटला होता, आणि ४० जणांचा टीबी फुप्फुसाबाहेर होता: गाठी, पोट, मेंदूचं आवरण. म्हणून ‘खोकला नाही, म्हणजे टीबी नाही’ हा समज इथे धोक्याचा.

तपासणी काय करायची? छातीचा एक्स-रे तर हवाच, पण माझा आग्रह सीटी स्कॅनचा असतो. सोबत सुप्त टीबी शोधणाऱ्या दोन चाचण्या: मॅन्टू (त्वचेवरची) आणि इग्रा (रक्ताची). तुमचा मुलगा आत्ता स्टिरॉइडवर आहे, त्यामुळे या दोन्ही चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. घरात कुणाला टीबी झाला होता का, अगदी आजोबांना तीस वर्षांपूर्वी झाला असला तरी, हे सांगा. लोक हे लपवतात. सुप्त टीबी सापडला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून शक्यतो महिनाभर थांबून मग पहिलं सलाईन. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात टीएनएफविरोधी औषध घेणाऱ्यांचा प्रतिबंधक उपचारांसाठी समावेश आहे, त्यामुळे सरकारी केंद्रात चौकशी करा. आणि सगळं निगेटिव्ह आलं तरी पहारा संपत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून फोन करायचा, ‘हवामान बदललंय’ म्हणून अंगावर काढायचं नाही.

याच रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी (एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही), हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही करून घ्या. न्यूमोनिया, फ्लू आणि हिपॅटायटिस बीच्या लसी आधी उरका, जिवंत जंतूंच्या लसी औषध चालू असताना चालत नाहीत.

बाकी जंतुसंसर्ग आणि कॅन्सरबद्दल माझा सर्वाधिक भरवसा फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवर आहे. दीड-पावणेदोन लाखांहून जास्त रुग्ण, निवडून घेतलेले नाहीत, देशभरातले सगळे. ॲडमिट व्हावं लागेल असा संसर्ग वर्षाला दर हजारी किती? यातलं कुठलंच औषध न घेणाऱ्यांत ८, फक्त ॲझाथायोप्रिनवर (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) १० ते ११, फक्त टीएनएफविरोधी औषधावर १९, दोन्ही एकत्र असतील तर २२. म्हणजे धोका दुपटीहून जास्त वाढतो, तरीही हजारातले ९८० लोक त्या वर्षी सुखरूप असतात. लिम्फोमा हा कॅन्सर वर्षाला दर दहा हजारी: औषध न घेणारे ३ च्या आत, ॲझाथायोप्रिन ५ च्या वर, टीएनएफविरोधी ४, दोन्ही एकत्र साडेनऊ. भीती खरी आहे, पण तिचं माप हे एवढं आहे. आणि ज्या ॲझाथायोप्रिनच्या गोळीला लोक ‘साधी गोळी’ म्हणतात, तिचा वाटा यात कमी नाही.

तुमचा मुलगा तरुण पुरुष आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ॲझाथायोप्रिन आणि टीएनएफविरोधी औषध दोन्ही दीर्घकाळ घेणाऱ्या ३५ च्या आतल्या पुरुषांत यकृत-प्लीहेचा एक अत्यंत दुर्मीळ पण जीवघेणा लिम्फोमा आढळला आहे. दुसरीकडे, दोन्ही एकत्र दिल्यानं फायदा होतो हेही खरं. २०१४ च्या एका चाचणीत १६ व्या आठवड्याला स्टिरॉइडशिवाय शांत असलेले एकत्र उपचारांत ४० टक्के, एकट्या इन्फ्लिक्सिमॅबवर २२ टक्के. माझी पद्धत अशी की पहिले सहा महिने ते वर्षभर दोन्ही, मग पातळी चांगली असेल तर ॲझाथायोप्रिन बंद. काही सहकारी तरुण पुरुषांत ते सुरूच करत नाहीत. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. मात्र ॲझाथायोप्रिनआधी एनयूडीटी१५ ही जनुकतपासणी करा. आपल्या लोकांत हा दोष सापडतो, आणि तो असला की काही आठवड्यांत केस झडतात, पांढऱ्या पेशी कोसळतात.

लोक तुलना ‘औषध की काहीच नाही’ अशी करतात, तिथेच चूक होते. तुमच्या मुलासमोर दुसरा पर्याय स्टिरॉइडचा आहे. क्रोन्स या आतड्याच्या अशाच दुसऱ्या आजाराच्या ६,००० हून जास्त रुग्णांच्या ट्रीट या अमेरिकी नोंदवहीत इन्फ्लिक्सिमॅबनं गंभीर संसर्ग वाढले, मृत्यू वाढले नाहीत. प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच जवळचं रूप) घेणाऱ्यांत मात्र मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. आजार वेगळा असला तरी गोळी त्याच जातीची. ओपीडीत मला जास्त दिसतात ते स्टिरॉइडनं खुब्याचं हाड सडलेले तिशीतले तरुण.

व्हेडोलिझुमॅबबद्दल विचारलेलं नाही, पण विचारायला हवं. ते आतड्याकडे जाणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच अडवतं, बाकी शरीराची प्रतिकारशक्ती फारशी हलवत नाही, म्हणून टीबीची धास्ती बरीच कमी. २०१९ मध्ये ७६९ रुग्णांत त्याची ॲडालिमुमॅब या दुसऱ्या टीएनएफविरोधी औषधाशी थेट तुलना झाली: वर्षाअखेर शांत असलेले ३१ टक्के विरुद्ध २२-२३. पण ते सावकाश काम करतं, पुरता परिणाम दिसायला तीन-चार महिने लागतात. रक्ताचा पाट वाहत असेल तर मी इन्फ्लिक्सिमॅबच निवडेन. तुमच्या मुलासारखा चालता-फिरता, पण स्टिरॉइडला चिकटलेला रुग्ण असेल आणि छातीत टीबीचा जुना डाग असेल, तर व्हेडोलिझुमॅब.

पैशांची अडचण असणाऱ्यांसाठी टोफासिटिनिब. ही बायोलॉजिक नाही, साधी गोळी आहे. भारतात तिची जेनेरिक मिळते आणि खर्च बायोलॉजिकच्या तुलनेत अगदी थोडा. प्रतिपिंडांची भानगड नाही, त्यामुळे खंड पडला तरी दार बंद होत नाही. नागीण होण्याचं प्रमाण मात्र जास्त, टीबीची तपासणी तितकीच आवश्यक, आणि पन्नाशीपुढच्या, हृदयरोगाचा किंवा रक्ताच्या गुठळीचा धोका असलेल्या माणसात मी ती टाळतो. २९ व्या वर्षी हा पर्याय डॉक्टरांसमोर जरूर मांडा.

बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकची दुसऱ्या कंपनीनं बनवलेली स्वस्त प्रतिकृती, घ्यावी का? बिनदिक्कत घ्या. नॉर्वेत ४८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मूळ औषधावरून बदललेल्यांचा आजार काही लक्षणीय जास्त बिघडला नाही. दर डोसला वेगवेगळ्या कंपनीची कुपी मात्र नको, आणि बॅच नंबर फाइलला चिकटवून ठेवा.

विम्याचं एक सांगतो. सलाईन दोन तासांचं असतं म्हणून ‘२४ तास ॲडमिट नव्हते’ असं सांगून दावा नाकारल्याची पत्रं रुग्ण मला आणून दाखवतात. विमा नियामकाच्या सूचनांत ज्या आधुनिक उपचारांना वगळता येत नाही त्यांची यादी आहे, आणि तीत मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन स्पष्ट लिहिलेलं आहे. पॉलिसीत त्याला रकमेची मर्यादा असू शकते, पण सरसकट नकार आला तर लेखी तक्रार करा. विमा नसेल तर राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

जन्मभर घ्यावं लागतं का? याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर जपानच्या हायाबुसा चाचणीत आहे. आतडं भरून आलेल्या, स्टिरॉइडशिवाय शांत असलेल्या ९२ जणांपैकी निम्म्यांचं इन्फ्लिक्सिमॅब थांबवलं. ४८ आठवड्यांनी औषध चालू असलेल्यांत ८० टक्के शांत, थांबवलेल्यांत ५४ टक्के. म्हणजे थांबवून निम्मे तरले, पण कोण तरणार हे आधी ओळखता येत नाही. दोन वर्षं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) १५० च्या खाली आणि दुर्बिणीत आतडं स्वच्छ असल्याशिवाय मी हा विषय काढतच नाही. आणि १४ व्या आठवड्यापर्यंत, पातळी चांगली असूनही, काहीच उतार नसेल तर तेच औषध रेटण्यात अर्थ नाही. औषधं बदलूनही आजार आवरत नसेल तर मोठं आतडं काढून आतून पिशवी बनवण्याची शस्त्रक्रिया हा खरा उपचार आहे. पराभव म्हणून तिच्याकडे बघू नका.

लग्नाची काळजी असेल, तर इन्फ्लिक्सिमॅब पुरुषाच्या अपत्यप्राप्तीच्या आड येत नाही. सल्फासॅलाझिन हे या आजारातलं जुनं औषध मात्र शुक्राणू कमी करतं, बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतात. हे वाचणाऱ्यांत कुणाची मुलगी किंवा सून गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅबवर असेल, तर बाळाला जन्मतःच दिली जाणारी बीसीजी ही टीबीची जिवंत जंतूंची लस पुढे ढकलायची, किमान सहा महिने, आताच्या सल्ल्यानुसार वर्षभर. इंग्लंडमध्ये असं एक बाळ बीसीजीच्या जंतूनंच दगावल्याची नोंद आहे. प्रसूतिगृहात भरती होतानाच हे लेखी द्या, कारण तिथे लस सवयीनं टोचली जाते.

तुम्ही कुप्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून स्वतः घेऊन येणार म्हणताय. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. थर्मासमध्ये आईसपॅक ठेवा, पण कुपी आणि पॅकच्या मध्ये टॉवेलची घडी हवी. बर्फाला चिकटून औषध गोठलं तर ते टाकून द्यावं लागतं. एसटीत पिशवी इंजिनजवळ ठेवू नका, मांडीवर घ्या, आणि पोचल्या पोचल्या सिस्टरच्या हातात देऊन फ्रिजमध्ये ठेवायला सांगा.